जाळीच्या आतून

हॅम्रावीक,
१४ जानेवारी १९५७

प्रिय सोल्वेग,

काल मी जे केलं ते हाल्ला आत्या तुला तिखटमीठ लावून कळवणारच आहे, तेव्हा आधी माझ्याकडून ऐक.

फर्न लेकच्या संघाशी आइस हॉकीचा सामना होता. आपण एका गोलने पुढे. चकती पार पलीकडच्या टोकाला होती आणि तिथे सगळे घोळका करून एकमेकांच्या नडग्या फोडत होते. माझ्याकडे चिटपाखरू नव्हतं. मी गोलसमोर उभा होतो तो मागे वळलो आणि वाकून आपल्याच जाळीत डोकं घातलं. नेमकं त्याच वेळी त्यांच्या एका बचाववाल्याने, मेट्रो हावरिलुक नावाचा युक्रेनियन रेडा आहे, त्याने कंटाळून चकती लांब टोलवली. नेम नाही, जोर नाही. ती अख्खं मैदान ओलांडून म्हाताऱ्यासारखी हळूहळू आली, माझ्या टाचेला लागली आणि आत गेली. लोक ओरडत होते म्हणे. मला कळलं तेव्हा चकती माझ्या नाकासमोर पडलेली होती. कारण नाक आधीपासूनच आत होतं.

आउस्गेरने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपला दुकानदार तोच आपला प्रशिक्षक, त्यामुळे गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो शिव्या देत नाही. एवढंच म्हणाला, “वाल्दी, जाळ्यात पिकरल मासे मिळाले की नुसतंच शेवाळ?” आता गावात सगळे तेच विचारतायत. आज सकाळी बर्फाला भोक पाडून खरं जाळं ओढत होतो, तर ग्रिमी म्हणाला, “डोकं घालून बघ की, सवय आहे तुला.” तो संघाचा कप्तान, शिवाय मासेमारीत माझा भागीदार. म्हणजे आठवडाभर सुटका नाही.

काय बघत होतास म्हणून सगळे विचारतात. दोरा तुटल्यासारखा वाटला, असं सांगितलंय.

तुझ्या हॉस्पिटलात बाबांच्या पायाचं हाड जुळतंय का? बोलतात का डॉक्टरांशी, की नुसते छताकडे बघतात? दुकानातल्या फोनवर तुझ्याशी बोललो असतो, पण तिथे कान लावून अर्धं गाव उभं असतं.

तुझा,
वाल्दी

•

विनिपेग,
२० जानेवारी

प्रिय वाल्दी,

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि कॉफी नाकात गेली. आमच्या मुख्य नर्स मिस अ‍ॅबरनेथी चष्म्यावरून इतका वेळ बघत राहिल्या की शेवटी मी त्यांना सांगूनच टाकलं. त्या मूळच्या टोरंटोच्या, कधी हसत नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमच्या भावाचं लग्न झालंय का?” झालं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग बरोबर.”

मलाही तेच वाटतं. शाळेत नवीन बाई आल्यात ना, लिल्या का कोण? त्या गोलच्या मागच्या भिंतीशी उभ्या होत्या का? खरं सांग.

बाबा बरे आहेत. लापशी खातात. पाय वर टांगलेला आहे, त्यामुळे पळून जाता येत नाही याचा राग तेवढा आहे. बोलतात कमी, पण घरी तरी ते कुठे बडबडे होते? तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं.

काळजी करू नकोस. जाळीकडे पाठ करून उभा राहा, एवढंच.

तुझी,
सोल्वेग

•

हॅम्रावीक,
४ फेब्रुवारी

प्रिय सोल्वेग,

गोलच्या मागे कोणी बाई उभी नसते. मागे फक्त खेळाच्या शेडची फळ्यांची भिंत आणि सरोवराकडे उघडणारा मोठा दरवाजा, साठलेला बर्फ बाहेर लोटायचा तो. तिथे कोणी उभं राहूच शकत नाही. हे मी तुला का सांगतोय कोण जाणे. तूच विचारलंस म्हणून.

कालचंही ऐक, तुझ्या मिस अ‍ॅबरनेथींना सांगायला होईल. सेंट ओदिलचे फ्रेंच आले होते. माझ्यासमोर धुमश्चक्री चालली होती, पाच-सहा स्टिका, बर्फाचा नुसता धुरळा. त्यात मला काळं काहीतरी दिसलं. मी अंग झोकून दिलं आणि त्यावर पालथा पडलो. शिट्टी वाजेना. मग मी ते मुठीत धरून उठलो आणि हात उंच करून पंचाला दाखवलं. अख्ख्या शेडमध्ये जे हसू फुटलं, विचारू नकोस. माझ्या हातात हातमोजा होता. काळ्या लोकरीचा. चकती केव्हाच जाळीत जाऊन पडली होती आणि फ्रेंच एकमेकांना मिठ्या मारून मोकळे झाले होते. पंच माझ्याजवळ आला, मोजा पाहिला आणि म्हणाला, “वाल्दी, हा अडवल्याबद्दल मी तुला काही देऊ शकत नाही.”

मोजा कोणाचा ते कळलं नाही. प्रेक्षकांत विचारलं, दोन्ही संघांत विचारलं. जुन्या पद्धतीची वीण आहे, दोन अंगठ्यांची. एक अंगठा झिजला की मोजा फिरवून घालायचा. हल्ली असे कोणी विणत नाही. आणि ओला होता, सोल्वेग. तिथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, आणि हा टपकत होता. आउस्गेरच्या दुकानात शेगडीवर वाळत घातलाय. आज सकाळी पाहिला तर अजून टपकतोच आहे. आउस्गेर म्हणतो, जाड लोकर अशीच असते.

आपण हरलो. अजून एकदा असं झालं तर आउस्गेर त्याच्या भाच्याला उभा करणार आहे. करू दे. पण या वर्षी जिल्ह्याचा करंडक येण्यासारखा आहे गं, पोरं जीव तोडून खेळतायत, आणि मी त्यांना तोंडघशी पाडतोय.

बाबांना सांग, मी बरा आहे.

तुझा,
वाल्दी

•

विनिपेग,
८ फेब्रुवारी

प्रिय वाल्दी,

बस, आणि हे शांतपणे वाच.

मी तुला सगळं कळवलेलं नाही. नाताळानंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे. तू ऐन मासेमारीत सगळं टाकून धावत आला असतास आणि इथे येऊन करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आठवडाभर ते एक शब्द बोलत नाहीत. बोलावलं तर डोळेही हलत नाहीत. तुझं पत्र मी वाचून दाखवलं हे खरं, पण भिंतीला वाचून दाखवल्यासारखं.

फक्त रविवारी दुपारी बोलतात. चर्चहून परतलेले लोक भेटायला येतात त्या वेळी. आधी श्वास बदलतो, मग डाव्या हाताने चादर धरतात आणि हाक मारतात. म्हणतात, “वाल्दी, बाहेर ये.” पुन्हा पुन्हा तेच, न थकता, लांबवरच्या माणसाला घालावी तशी. बाकीच्या नर्सांना आपली भाषा कळत नाही. त्यांना वाटतं पाणी मागतायत, त्या पाणी आणून देतात.

मला वाटलं, मेंदूत काहीतरी अडकलंय. असे पेशंट मी पाहिलेत, एकच वाक्य धरून बसतात. पण गेल्या रविवारी हाका मारता मारता ते एकदम हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसते आता, बघवत नाही. हसत हसत म्हणाले, “हातमोजा. हातमोजा धरलान बघ.”

तुझा सामना त्याच दुपारी होता. तुझं पत्र मला काल, गुरुवारी मिळालं.

मी कोणाला सांगितलेलं नाही. मिस अ‍ॅबरनेथींना तर नाहीच. आता तू मला खरं सांग. त्या दिवशी जाळीत काय बघत होतास?

सोल्वेग

•

हॅम्रावीक,
१८ फेब्रुवारी

प्रिय सोल्वेग,

तू लपवलंस म्हणून रागवायचं होतं, पण मी कुठल्या तोंडाने रागावणार?

मागून कोणीतरी हाक मारतं. नाताळानंतर सुरू झालं. आधी वाटलं, दरवाज्याच्या फटीतून वारा येतो. मग शब्द कळायला लागले. फक्त माझं नाव. ओरडून नाही, खानावळीत मागच्या बाकावरचा माणूस सहज बोलावतो ना, तसं. जवळून. जाळीच्या आतून. म्हणून मी त्या दिवशी वाकून पाहिलं. आत काही नव्हतं. बर्फ होता आणि जाळी होती. पण वास होता, सोल्वेग. सरोवराच्या बर्फाला पहिलं भोक पाडलं की खालून जो वास येतो, तो.

काल फर्न लेकला आणखी वाईट झालं. खेळ रंगात होता, मेट्रोने असा तडाखा दिला की चकती माझ्या छातीवर आदळून हातात आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आणि मागून आवाज आला, “इकडे दे.” मी दिली. जेवताना मीठ मागितलं की आपण न बघता मागे देतो, तशी खांद्यावरून मागे दिली. आपल्याच जाळीत.

यावर तर मेट्रोसुद्धा हसला नाही. स्केट घासत माझ्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, “अरे, तुला बरं नाही का? माझी आई जडीबुटी देते.” ग्रिमी मात्र परत येताना गाडीत बोलला. म्हणाला, “तू पैसे खाल्लेस असं लोक म्हणायला लागलेत. मी त्यांना सांगतो, एवढी अक्कल त्याला असती तर आणखी काय हवं होतं. पण वाल्दी, मला तरी सांग.” 

तुझं पत्र आल्यापासून मला एक मात्र बरं वाटतंय. ते बाबाच आहेत. आपले बाबा तिकडून बोलावतात आणि मला इकडे ऐकू येतं, एवढंच आहे ते. मग भ्यायचं कशाला? लहानपणी अंधार पडायला लागला की ते किनाऱ्यावर उभे राहून आपल्याला असेच हाका मारायचे, आणि आपण जात नव्हतो. आता मी ठरवलंय. पुन्हा बोलावलं तर जायचं. बोलावतात तिकडे जाऊन बघायचं.

दहा मार्चला अंतिम सामना, पुन्हा फर्न लेकशीच, पण आपल्या शेडमध्ये. आउस्गेरचा भाचा पहिल्याच सरावात दात पाडून घेऊन बसला, म्हणून मलाच उभा करतायत.

तुझा,
वाल्दी

•

विनिपेग,
५ मार्च

वाल्दी,

तू खेळू नकोस. आजारी आहेस म्हणून सांग, पाय मोडला म्हणून सांग.

परवा, रविवारी, त्यांनी हाका मारायला सुरुवात केल्यावर मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, “बाबा, वाल्दीने कुठे यायचं?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “इथे.” मी विचारलं, “इथे म्हणजे कुठे? तुम्ही कुठे आहात?”

म्हणाले, “सरोवरावर.”

मग मी विचारलं, बर्फ कसा आहे. का विचारलं माहीत नाही, घरी आपण हेच विचारतो म्हणून असेल. ते म्हणाले, “मोकळं झालंय. पाणी दिसतंय.”

मी हात सोडला, वाल्दी. मी नर्स आहे, असा पेशंटचा हात कधी सोडला नव्हता.

ते बाबाच आहेत असं तू लिहिलंस. असतीलही. पण ते तुला घरी बोलवत नाहीयेत. तुझ्या मागचा तो दरवाजा कुठे उघडतो ते तूच लिहिलं होतंस. कोणी हाक मारली तरी जाऊ नकोस. कान बुजव, मेण घाल. टपालाच्या गाडीला बर्फामुळे उशीर होतोय म्हणतात. हे वेळेवर पोचू दे.

सोल्वेग

•

हॅम्रावीक,
११ मार्च

प्रिय सोल्वेग,

तुझं पत्र आज सकाळी आलं. सामना काल झाला.

मी जिवंत आहे, हे आधी सांगतो.

खेळाचा शेवटचा भाग, बरोबरी. शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, पोरं तुळयांवर चढून बसली होती. उकडायला लागलं म्हणून कोणीतरी तो दरवाजा उघडला. माझ्या पाठीवर उजेड पडला. माझी सावली समोर बर्फावर लांब झाली. आणि त्या सावलीच्या खांद्याशी मला आणखी थोडी सावली दिसली. मग हाक आली. या वेळी जाळीतून नाही, दरवाज्यातून.

मी वळलो, जाळीला वळसा घातला आणि बाहेर गेलो. समोरून मेट्रो चकती घेऊन एकटा येत होता हे मला माहीत होतं. माहीत असून गेलो. करंडकाच्या सामन्यात, रिकामा गोल मागे टाकून, पॅड बांधलेला गोलकीपर सरोवराकडे चालत निघाला. आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणून आता हाच सांगतील. नातवंडांना सांगतील.

बाहेर इतकं शांत होतं. ढग खाली आलेले, आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे, कुठे काय संपतं ते कळत नव्हतं. स्केट असल्यामुळे भराभर जात होतो. हाक पुढून येत होती. मग थोडं गेल्यावर ती पुन्हा मागून आली. शेडकडून. मी वळलो, तर सरोवराकडून आली. मी जिकडे पाठ करीन तिकडून. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, आणि मी थांबायचं ठरवलं, पण पाय थांबेनात.

थांबवलं ग्रिमीने. मागून येऊन त्याने माझ्या पॅंटचे पट्टे धरले आणि असा हिसका दिला की मी उताणा पडलो. तो शिव्या देत होता, रडतही होता. “मूर्खा, सामना चालू आहे,” हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता, जणू माझी चूक तेवढीच होती. त्याच्या मागे दोन्ही संघ, त्यांच्या मागे पंच, आणि दरवाज्यातून लोकांची रांग बाहेर येत होती. मेट्रोने रिकाम्या गोलात चकती मारली नव्हती. त्याने ती बर्फावर सोडून दिली आणि बाकीच्यांना ओरडून सांगितलं, “अरे, माणूस कुठे चाललाय बघा आधी.” युक्रेनियन रेडा म्हणालो होतो ना मी त्याला? शब्द मागे घेतो.

मी पडलो होतो तिथून हातभर पुढे बर्फ फाटलेला होता. काळं पाणी. त्यावर वाफ. मार्चमध्ये तिथे भेग कधी पडत नाही. ग्रिमीने पाहिलं आणि पट्ट्यांना धरूनच मला मागे ओढत नेलं.

खेळ पुन्हा सुरू केला. मला खेळू दिलं नाही. आउस्गेर स्वतः पॅड बांधून उभा राहिला, पोट सुटलेलं असताना. हरलो.

आता मला कोणी पिकरलबद्दल विचारत नाही. दुकानात शिरलो की बोलणं थांबतं. हसत होते तेच बरं होतं, सोल्वेग. मी येतोय तिकडे. बाबांसमोर बसून विचारतो.

वाल्दी

•

विनिपेग, हॉस्पिटल,
रविवार, २४ मार्च

प्रिय सोल्वेग,

मी तुझ्यापासून दोन मजले खाली बसलोय, तरी पत्रच लिहावं लागतंय. या वयात गालगुंड होतात का कोणाला? मिस अ‍ॅबरनेथी म्हणाल्या, तुझ्या खोलीत मांजरसुद्धा सोडणार नाही. पण हे पत्र स्वतः नेऊन देते म्हणाल्या. कडक आहेत, वाईट नाहीत.

आता काय झालं ते ऐक. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी बाबांजवळ गेलो. खूप बारीक झालेत, हातांवरचे मासेमारीचे घट्टेसुद्धा मऊ पडलेत. मी पलंगासमोर खुर्ची ओढून बसलो. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांशी बोलत होते, कोणी संत्री सोलत होतं, उजेड होता. मग त्यांचा श्वास बदलला. चादर धरली. “वाल्दी,” म्हणाले. “बाहेर ये.”

मी म्हणालो, “बाबा, मी आलोय. हा समोर बसलोय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, शंका नाही. मुलाकडे बघावं तसंच पाहिलं. आणि मग शांतपणे म्हणाले, “तुला नाही रे. तू जरा बाजूला सर.”

“कुठे सरू?”

“तू मध्ये उभा आहेस,” ते म्हणाले. “कधीचा मध्ये उभा आहेस. त्याला बाहेर येता येत नाहीये.”

सोल्वेग, माझं नाव कोणाचं आहे हे आपण दोघंही कसे विसरलो? मी जन्मायच्या कितीतरी आधी बाबांचा थोरला भाऊ जाळं ओढताना बर्फाखाली गेला. हॅम्रावीकचा पहिला गोलकीपर तोच होता. हाल्ला आत्या सांगायची, तो सापडला नाही; आणि बाबा त्या भोकाशी उभे राहून घसा बसेपर्यंत त्याला हाका मारत होते, लोकांनी उचलून घरी आणलं तेव्हा थांबले. मग मी झालो आणि ते नाव मला दिलं. आपल्यात देतातच. त्यात कोणाला काही वाटत नाही.

ते मला बोलावत नव्हते. मी फक्त दारात उभा होतो. आणि गोलकीपरचं काम काय असतं? बाहेरचं आत जाऊ द्यायचं नाही. आतलं बाहेर येत असेल, असं आपल्याला कोणी शिकवत नाही.

मी उठलो. खुर्ची तिथेच ठेवली आणि स्वतः बाजूला, खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो? माझ्या पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. ओला कोट उतरवतो तसं. बाबांची नजर दारापासून हळूहळू पुढे आली, पलंगाच्या टोकाशी आली, मग खुर्चीवर थांबली. आणि ते म्हणाले, “आलास.”

मग बोलायला लागले. तू ऐकायला हवं होतंस. त्यांना बोलता येत नाही ना? घडाघडा बोलत होते, आपल्या जुन्या बोलीत, मी कधी न ऐकलेल्या थट्टेच्या सुरात. कुठल्यातरी सामन्यात भावाने टोपी पडू नये म्हणून चकती सोडली होती म्हणे. एकदा गोठलेलं शेण अडवलं होतं. एकदा नवी मिशी फुटली म्हणून मुलींकडे बघून ताव देत होता आणि तेवढ्यात गोल झाला. बाबा एकेक आठवण काढून त्याची टर उडवत होते, मध्येच थांबत होते, खुर्चीकडे बघत होते आणि मग पोट धरून हसत होते. कोणीतरी उत्तर देत असल्यासारखे. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा मला म्हणाला, “तुमचे वडील आज मजेत आहेत.” मी हो म्हणालो.

मी निघालो तेव्हा मला जवळ बोलावलं. म्हणाले, “त्याला पांघरूण आण. गारठलाय.” मी नर्सकडून घोंगडी मागून आणली आणि खुर्चीवर ठेवली. तेव्हा माझा हात खुर्चीच्या पाठीला लागला. काय लागलं ते लिहीत नाही.

आज मला मागून काही ऐकू येत नाही. रात्रीच्या गाडीने परत निघतोय. बर्फ सुटायच्या आत जाळी काढायला हवीत, ग्रिमी एकटा आहे. लवकर बरी हो.

तुझा,
वाल्दी

•

विनिपेग,
३० मार्च

प्रिय वाल्दी,

तार मिळालीच असेल. बाबा गुरुवारी पहाटे गेले. मला तेव्हा खोलीतून सोडलं नव्हतं. नंतर मिस अ‍ॅबरनेथी स्वतः मला खाली घेऊन गेल्या.

तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. झटका आलेल्या माणसाचं असं होतं का, मी डॉक्टरांना विचारलं नाही.

तू गेल्यावरचे दिवस कसे गेले, ते त्या वॉर्डातल्या नर्सने सांगितलं. बोलत राहायचे, हळू आवाजात. लापशीचे दोन वाडगे मागायचे. खुर्ची हलवू द्यायचे नाहीत, आणि मंगळवारी म्हणाले, आता खुर्ची नको, ने. त्यानंतर ते पलंगाच्या अगदी कडेला झोपायला लागले. पडतील म्हणून तिने दोनदा मध्ये सरकवलं, तर पुन्हा कडेला. अंगावरची घोंगडी अर्धीच घ्यायचे. ती बिचारी स्कॉटिश पोर, तिला यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या घरी सहा भावंडं आहेत. मला म्हणाली, “आमच्याकडे थंडीत असंच झोपतात.”

मी त्यांना घेऊन बुधवारच्या गाडीने येतेय. स्टेशनवर ग्रिमीला स्लेज घेऊन यायला सांग. तू मेट्रोलाही कळव, त्याला यायचं असेल तर येऊ दे.

कबर काकांच्या दगडाशेजारीच घ्यायची. त्या दगडाखाली कोणी नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. जमीन अजून गोठलेली असेल, रात्रभर शेकोटी पेटवून ठेवावी लागेल, आणि आउस्गेर कुरकुर करील की एका माणसाला एवढं लाकूड कशाला. त्याला काही समजावत बसू नकोस. फक्त खड्डा रुंद घ्यायला सांग.

तुझी,
सोल्वेग